सकाळचं इंजेक्शन

रमाकांत प्रधानांचं दुखणं सिल्वासात सगळ्यांना माहीत होतं. खानवेलच्या रस्त्यावर सरकारी जीप नाल्यात कलंडली. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही, आणि हेडक्लार्क प्रधानांची कंबर धरली ती धरलीच. कमरेतून निघालेली कळ मांडीतून पोटरीत उतरायची. डॉक्टरांनी सायटिका असं नाव सांगितलं. नाव भारदस्त होतं. शैलजानं ते पत्रातून मुंबईच्या जावेला कळवलं, तेव्हा जावेनं ते चार घरी असं सांगितलं, जणू भाऊजींना बढतीच मिळाली होती.

सुरुवातीला कळ आली की इंजेक्शन असायचं. मग कळ येईल म्हणून इंजेक्शन. पुढे पुढे इंजेक्शनची वेळ झाली की कळ यायला लागली. दिवेलागणीच्या आधी सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर दत्तात्रय सायकलवरून यायचा. त्याच्या हातात निकेलची डबी असायची. तो दिसला की शेजारच्या मुख्याध्यापिका प्रमिलाबाई आपला रेडिओ बारीक करायच्या. क्वार्टर्सची सगळी ओळ कशी गप्प व्हायची, तीर्थ द्यायला भटजी आल्यासारखी. दत्तात्रय सुई उकळायचा, दंडाला स्पिरिट लावायचा, टोचायचा, आणि रिकामी काचेची कुपी आठवणीनं परत घेऊन जायचा. शैलजा त्याला चहा द्यायची. हे असं दुसरं वर्ष चाललं होतं.

आणि एक सांगायला हवं. इंजेक्शननंतरचा तासभर तिला आवडायचा. दिवसभर फायलींवर आणि बायकोवर खेकसणारा माणूस त्या तासात पूर्वीसारखा व्हायचा. उशीला टेकून बसायचा, तिला म्हणायचा, "शैलू, आज भाजी काय झाली होती गं." तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न जमलं का, ते विचारायचा. काहीही मागा, हो म्हणायचा. लग्नात हाच माणूस होता, असं तिला वाटायचं, आणि तो रोज संध्याकाळी तासभर तरी घरी येतो, म्हणून ती दत्तात्रयच्या चहात साखर जरा जास्तच घालायची.

लाडकी त्यांच्याकडे भांडी घासायला यायची. जवळच्या डोकमर्डी पाड्यावरची, वारली जमातीची. उंच, काटकुळी, आणि बोलायला फटकळ. घासलेली भांडी उन्हात पालथी घालता घालता तिनं एकदा विचारलं, "साहेबाला रोज काय टोचतात, बाय?"

"औषध."

"कशाचं?"

शैलजाला खोटं सांगायची सवय नव्हती. डॉक्टर एकदा चहाला बसले असता स्वतःच म्हणाले होते, वहिनी, हा मॉर्फिया म्हणजे अफूचंच सत्त्व, फक्त गाळून शुद्ध केलेलं. तिनं तेच सांगितलं.

लाडकीनं समजुतीनं मान हलवली. "मग आमचा गडी नि तुमचा साहेब एका पंगतीचे."

"काहीतरी बोलू नकोस. साहेबांना डॉक्टरांनी दिलंय."

"रुपजीला भगतानं दिलंय."

रुपजी म्हणजे लाडकीचा नवरा. पोर्तुगीजांच्या वेळेला ठेकेदाराच्या कामावर साग तोडताना एक ओंडका त्याच्या मांडीवर आला. हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून तो सकाळी एक नि संध्याकाळी एक अशी अफूची गोळी घ्यायचा. त्या गोळीवर तो लंगडत का होईना, लाकडाचे भारे वाहायचा, कुंपणं बांधायचा. लाडकी हे सगळं असं सांगायची, जसं एखादी बाई सांगेल की आमच्यांना चहा लागतो. चोरून सांगायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. पूर्वी तशी गरजही नव्हती. आता हा भाग भारतात आला होता, नवे कायदे लागू होत होते, आणि त्यातला एक कायदा रुपजीच्या गोळीपर्यंत पोचला होता. परवाना असेल तर अफू बाळगा, नसेल तर गुन्हा. गंमत म्हणजे दारूला इथे मोकळीक होती. दर रविवारी वापीहून गुजराती शेठलोक गाड्या भरून प्यायला यायचे, आणि संध्याकाळी पोलीसच त्यांना हाताला धरून गाडीत बसवायचे.

लाडकी ह्या ओळीतल्या सगळ्याच घरांची भांडी घासायची, त्यामुळे ह्या घरातली वाटी त्या घरात पोचवायचं कामही तिच्याकडेच असायचं. प्रमिलाबाईंची सांज्याची वाटी शैलजाकडे, शैलजाची आमटी प्रमिलाबाईंकडे. आणि भांडं रिकामं कधी परत जात नाही, हे तिनं पाहिलेलं होतं. काही नाही तर चार मिरच्या, एखादं लिंबू, चिमूटभर साखर तरी त्यात पडतेच. तिला हा रिवाज भारी आवडला होता. शैलजा अधूनमधून रुपजीसाठी डब्यातून भात-कालवण द्यायची. दुसऱ्या दिवशी तो डबा परत यायचा आणि त्यात नेहमी काहीतरी असायचं. कधी करवंदं, कधी दमणगंगेचे मासे, कधी उकडलेला कंद. शैलजा म्हणायची, "अगं, कशाला." लाडकी म्हणायची, "रिकामा कसा देऊ? तुमच्यात देत नाय."

डबा चांगला होता. स्टेनलेस स्टीलचा. त्या वेळी स्टील सगळ्यांकडे नव्हतं, म्हणून शैलजानं वापीच्या दुकानात त्यावर नाव कोरून आणलं होतं. र. वा. प्रधान, सिल्वासा.

त्या वर्षी वैशाखात डॉक्टर रजेवर गेले. डोंबिवलीला मुलीचं लग्न होतं. चार दिवसांत येतो म्हणाले आणि तिकडे मुलीच्या सासऱ्याला हार्ट अटॅक आला. लग्न पुढे गेलं, डॉक्टरही पुढे गेले. दत्तात्रय संध्याकाळी आला तो रिकाम्या हातानं.

"वहिनी, त्या औषधाच्या कपाटाची किल्ली डॉक्टरसाहेबांच्या जानव्याला असते. ती पण गेली लग्नाला."

"दुसरं काही देता येत नाही?"

"ॲस्पिरिन आहे," दत्तात्रय म्हणाला आणि तिच्याकडे न बघता सायकलवर बसला.

पहिले दोन दिवस रमाकांतनी जीव मुठीत धरून काढले. मग त्यांच्या नाकातून पाणी वाहायला लागलं. जांभया थांबेनात. भर वैशाखात त्यांना हुडहुडी भरायची, अंगावर काटा यायचा, घोंगडी मागायचे आणि पुन्हा लाथेनं उडवायचे. पाय तर एका जागी ठरतच नव्हते. पोट बिघडलं. ऑफिसात शैलजानं ताप म्हणून कळवलं. प्रमिलाबाई कोकमाचं सार घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हवा खराब आहे इथली. दमणगंगेचं पाणी जड." शैलजा हो म्हणाली. ती रमाकांतचे पाय दाबत बसायची, घाम पुसायची, आणि ते तिला नको ते बोलायचे. तिच्या माहेरावरून, मूल नाही त्यावरून. ती ऐकून घ्यायची. आजारी माणूस आहे, म्हणायची. कुठला आजार, ते स्वतःलाही विचारायची नाही.

लाडकी भांडी घ्यायला आत आली तेव्हा दाराशी उभी राहून तिनं खाटेकडे पाहिलं.

"बाजार हुकला, गोळी संपली की आमच्याचं पण असंच होतं," ती म्हणाली.

"साहेबांना ताप आहे."

"होय," लाडकी म्हणाली. वाद घालण्यासारखं काही नव्हतं त्यात. मग जाताना म्हणाली, "बाय, तो डबा घरी ऱ्हायलाय. उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी लाडकी आलीच नाही. खरकटी भांडी मोरीत तशीच पडली. दुपारी जीप थांबली आणि अबकारीचा इन्स्पेक्टर श्रीकांत दारात उभा राहिला. रत्नागिरीकडचा मुलगा, एकटा राहायचा, रविवारी शैलजाच्या हातची माशाची आमटी जेवायचा. त्याच्या हातात तो डबा होता.

"काकू, तुमचा डबा सापडला."

"हरवला कुठे होता?"

श्रीकांत हसला. "तुम्हाला पत्तासुद्धा नाही ना. तुमची ती भांडीवाली. आज आमची माणसं डोकमर्डीच्या रस्त्यावर चोरून गाळलेली मोहाची दारू शोधत होती, बायकांच्या टोपल्या उघडत होती. हिच्या टोपलीत हा डबा. वर मिरच्या, खाली पळसाच्या पानात बांधलेली अफू. चोरी आणि अफू, दोन्ही गुन्हे एका डब्यात. बसवलीय चौकीवर."

आतल्या खाटेवरून रमाकांत कोपरावर उठले. सकाळपासून डोळे न उघडलेला माणूस. "किती होती?" त्यांनी विचारलं.

"अं? बरीच होती, साहेब. लिंबाएवढी."

"कुठाय?"

"सील करून ठेवलीय."

रमाकांत पुन्हा आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. श्रीकांतला वाटलं, ऑफिसच्या सवयीनं चौकशी केली. शैलजाला तसं वाटलं नाही. तिला एकदम सगळं कळलं. लाडकी काल दारात उभी होती ती, तिचं 'उद्या आणते', तो डबा. रुपजीच्या महिन्याच्या बेगमीतली असणार ती. त्यातली निम्मी तिनं साहेबासाठी काढली होती, आणि रिकामा डबा द्यायचा नाही म्हणून त्यात घातली होती.

"तिनं चोरला नाही," शैलजा म्हणाली. "मी दिला होता. कालवण घालून. ती परत आणत होती."

"नक्की?"

"नक्की. आणि त्यातलं ते पण इथेच आणत होती. आमच्याकडे."

श्रीकांतनं तिच्याकडे पाहिलं. एक क्षण शैलजाला वाटलं की आता ह्याच्या ध्यानात येईल. खोलीत घामाचा, ओकारीचा वास होता, कोपऱ्यात बादली होती, खाटेवरचा माणूस पाय झाडत होता. अशी माणसं श्रीकांतनं आठवड्याला दोन तरी पकडलेली होती. पण ती सगळी झोपड्यांतली होती. त्यांच्या भिंतीवर सरकारी कॅलेंडर नव्हतं.

"काकू, तुम्ही फार भोळ्या आहात," तो म्हणाला. "आता कळलं मला. साहेबांचं नाव कोरलेला डबा कोण उघडणार? असा किती दिवस माल नेत असेल ती तुमच्या डब्यातून. मी साधी चोर समजत होतो, ही तर पोचलेली निघाली."

"अरे, तसं नाही—"

"तुमच्यावर काही येणार नाही, ती काळजी करू नका. कागदावर डब्याचा उल्लेखच नको. लुगड्याच्या ओच्यात सापडली, एवढं पुरे." त्यानं डबा अलगद टेबलावर ठेवला. "काकांना जपा. फारच उतरलेत."

तो गेल्यावर शैलजानं तो रिकामा डबा फळीवर ठेवला. तिनं खरं सांगितलं होतं. खरं सांगितल्यानं लाडकीची चोरी पुसली गेली, आणि त्या जागी त्याहून मोठा गुन्हा आला.

दोन दिवसांनी डॉक्टर परतले. रमाकांतचं इंजेक्शन सुरू झालं. संध्याकाळी ते उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "शैलू, तुला फार त्रास दिला गं मी." तिला रडू आलं. पण लाडकी अजून कोठडीत होती, आणि पुढच्या सोमवारी मॅजिस्ट्रेटपुढे उभी राहणार होती.

शैलजानं कधी कुणाच्या दारात जाऊन काही मागितलं नव्हतं. आता ती दवाखान्यात गेली. एकटी नाही, डोकमर्डीहून बैलगाडी सांगून रुपजीला घेऊन गेली. रुपजीची गोळी आता जपून जपून चालली होती. तो बाकावर बसला तो एका बाजूला कलून. डॉक्टर मुलीच्या लग्नाचे पेढे वाटत होते. तिच्या हातावरही पेढा ठेवला.

"डॉक्टर, ह्याला दाखला द्या," ती म्हणाली. "दुखण्यासाठी अफू लागते असा. दाखला असला तर परवाना मिळतो म्हणे. मग लाडकीनं घरातली वस्तू बाळगली, एवढंच राहील."

डॉक्टरांनी रुपजीच्या मांडीवरून हात फिरवला. चांगला हात होता त्यांचा. वाकड्या हाडाशी थांबले. "ह्यानं चालतोस कसा रे तू?"

"गोळीवर, दादा," रुपजी म्हणाला.

डॉक्टर हात धुवायला गेले. "वहिनी, हा अफूबाज आहे. मी व्यसनाला दाखला देत नसतो."

"पाय तर दुखतोच ना त्याचा."

"दुखत असेल. पण आता तो दुखण्यासाठी घेत नाही, सवयीसाठी घेतो."

"आणि आमचे हे?"

डॉक्टरांनी टॉवेल जागेवर ठेवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "साहेब माझे पेशंट आहेत," ते म्हणाले. "मी मोजून देतो, शुद्ध देतो, माझ्या सहीनं देतो. ह्यात आणि त्यात फरक आहे."

"ह्याला पण तुमच्या सहीनं द्या. म्हणजे फरक राहणार नाही."

"ह्या लोकांना एकदा दिलं तर सगळं रान येऊन बसेल माझ्या दारात."

"त्यांचे पाय दुखत असतील तर येतील."

डॉक्टरांनी कागद ओढला आणि त्यावर काहीतरी लिहिलं. शैलजाला वाटलं, दाखला लिहिताहेत. ती पुढे सरकली. त्यांनी तो कागद तिच्याच हातात दिला. "जागरणं झालीत तुम्हाला. मन हळवं झालंय. ह्या गोळ्या घ्या झोपताना, आठ दिवस. दत्तात्रय बांधून देईल."

गाडीत बसताना रुपजीनं विचारलं, "दिलं काय, बाय?"

"मला दिलं," शैलजा म्हणाली.

आता एकच माणूस उरला होता. मॅजिस्ट्रेट रमाकांतना ओळखत होते. रमाकांतनी उठून एवढंच म्हणायचं होतं, की मी त्या दिवसांत औषधावाचून तळमळत होतो, ही बाई दयेनं माझ्यासाठी घेऊन येत होती. हेडक्लार्कनं स्वतःबद्दल असं सांगितलं, तर कुणी खोटं म्हणणार नव्हतं. शैलजानं शनिवारी संध्याकाळी, दत्तात्रयची सायकल वळली की लगेच, विषय काढला.

रमाकांतनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. "सांगेन की. त्या माउलीनं माझ्यासाठी आणली होती. मी सांगणार नाही तर कोण?"

"नक्की?"

"तुझी शपथ."

सकाळी तिनं पुन्हा विचारलं. दाढी करता करता ते म्हणाले, "वेड लागलंय का तुला? नोकरी जाईल माझी. पेन्शन जाईल. आणि कसलं माझ्यासाठी? मी मागितली होती तिच्याकडे?"

संध्याकाळी पुन्हा हो म्हणाले, आणि पुन्हा डोळे पुसले.

दोन्ही माणसं खरीच होती, हे शैलजाला कळत होतं. संध्याकाळचा माणूस थापा मारत नव्हता. त्याला खरोखरच सांगायचं होतं. पण कोर्ट सकाळी असतं. तेव्हा तिनं एक गोष्ट केली. डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली, की ह्यांना उद्या कोर्टात बराच वेळ बाकावर बसावं लागेल, कंबर धरेल, तरी उद्यापुरतं इंजेक्शन सकाळी द्यावं. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून निरोप पाठवला, अवश्य. ह्या वेळी कुणी फरक समजावून सांगितला नाही.

सोमवारी सकाळी दत्तात्रय आला. टोचलं. रमाकांतनी इस्त्रीचा शर्ट घातला, तिच्याकडे बघून हसले, आणि म्हणाले, "चल, त्या माउलीला सोडवून आणू."

कोर्टाची खोली लहान होती. लाडकी भिंतीला लागून उभी होती. आठवड्याभरात आणखीच वाळली होती, पण केस नीट बांधले होते. शैलजा दिसली तशी ती जरा हसली. रुपजी दाराबाहेर उकिडवा बसला होता.

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "ही अफू तुझी?"

"माझ्या घरातली."

"कुणासाठी नेत होतीस?"

लाडकीनं सरळ बोट केलं. "त्या साहेबासाठी. त्याची लई दशा झाली होती."

खोलीत कुणीतरी हसलं. श्रीकांत लाल झाला. मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला. "बाई, जपून बोल. ज्यांच्या घरचं मीठ खातेस त्यांचं नाव घेतेस." मग ते अदबीनं वळले. "प्रधानसाहेब, माफ करा, पण विचारणं भाग आहे. ही अफू तुम्ही मागवली होती का?"

रमाकांत उठले. कंबर कुठेही धरलेली नव्हती. चेहरा शांत, प्रसन्न. हाच तो माणूस होता, तासाभरासाठी घरी येणारा. तो आता सांगणार होता.

"नाही," रमाकांत म्हणाले.

ते खरंच होतं. त्यांनी मागवली नव्हती. मॅजिस्ट्रेटनी आणखी काही विचारलं असतं, मिळाली असती तर घेतली असती का असं विचारलं असतं, तर कदाचित त्यांनी त्यालाही खरं उत्तर दिलं असतं. पण तसं कोण विचारणार?

"पण मला दोन शब्द बोलायचे आहेत," रमाकांत म्हणाले आणि बोलत राहिले. फार छान बोलले. गरीब वनवासी समाजाबद्दल बोलले, अज्ञानाबद्दल बोलले, नव्या राज्याच्या वडीलकीच्या जबाबदारीबद्दल बोलले. ह्या स्त्रीनं माझ्या घरी प्रामाणिकपणे काम केलं आहे, तिच्याविषयी माझ्या मनात यत्किंचितही राग नाही, दया दाखवावी, म्हणाले. प्रमिलाबाई शाळेतून मुद्दाम आल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आपण कोर्टात आहोत, आपल्याला एक साधं वाक्य बोलायचं होतं, हे ते बोलता बोलता विसरून गेले असावेत. त्यांना कुठेच काही दुखत नव्हतं.

लाडकी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला त्यातले निम्मे शब्द कळत नव्हते.

शैलजा उठली. "ती खरं सांगतेय," ती म्हणाली.

"वहिनी, तुमचं नाव साक्षीदारांत नाही," मॅजिस्ट्रेट मृदूपणे म्हणाले. मागच्या बाकावर बसलेले डॉक्टर उठून तिच्याजवळ आले आणि तिच्या खांद्याला धरून त्यांनी तिला बसवलं. "गोळ्या घेताय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, जिनं भर कोर्टात आपलं नाव गोवलं तिच्यासाठी रदबदली करणारी अशी माणसं विरळा. प्रधानसाहेबांच्या शब्दाखातर शिक्षा कमी करत आहोत. तीन महिने.

लाडकीला बाहेर नेताना शैलजा वाटेत उभी राहिली. लाडकीच म्हणाली, "साहेब बरा दिसतो आता."

"बरे आहेत."

"मग माझ्या गड्याला बघ. त्याचं संपत आलंय."

परत येताना जीपमध्ये रमाकांतनी शैलजाचा हात हातात घेतला. "बोललो ना मी?" ते म्हणाले. लहान मूल विचारतं तसं.

"बोललात," शैलजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजा मोरीत भांडी घासत होती. फाटकाशी सायकलची घंटा वाजली. दत्तात्रय निकेलची डबी घेऊन आत आला.

"आता कशाला?" तिनं विचारलं. "कालच्यापुरतं सांगितलं होतं मी."

"डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ लिहिलंय. साहेबांचाच निरोप आला होता, सकाळचं चांगलं लागू पडलं म्हणून." त्यानं डबी उघडली. "पाणी ठेवता का उकळायला?"

तिनं पाणी ठेवलं. ठेवलं नसतं तर दुपारी पाय कोण दाबणार होतं, शिव्या कोण ऐकणार होतं. स्टोव्हपाशी उभं राहून तिच्या मनात आलं, आजपासून घरात तो तासभराचा माणूस दोनदा येईल. तिला त्याची वाट बघावीशी वाटली नाही.

त्या आठवड्यात दुपारची ती डोकमर्डीला गेली. रुपजीची शेवटची गोळी दोन दिवसांपूर्वीच संपली होती. तो खोपटात सारवलेल्या जमिनीवर पडला होता. नाक वाहत होतं. पाय भिंतीवर आपटत होते, चांगलाही आणि वाकडाही. शेजारची म्हातारी दारात बसून नाचणी निवडत होती. ती म्हणाली, "ह्याला कोनी धरावा? लाथा घालतो."

शैलजानं भाताचं भांडं ठेवलं. पदर खोचला. परक्या पुरुषाच्या अंगाला तिनं आयुष्यात हात लावला नव्हता, आणि हा तर तिच्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. ती खाली बसली, त्याचे पाय मांडीवर घेतले आणि पोटरीपासून दाबायला लागली. कुठे दाबलं की जरा थांबतं, ते तिच्या हातांना माहीत होतं. म्हातारीनं निवडणं थांबवून पाहिलं.

बऱ्याच वेळानं रुपजीनं डोळे उघडले. त्यानं तिला ओळखलं आणि पाय ओढून घ्यायला लागला.

"राहू दे," शैलजा म्हणाली.

"लाडकी कधी येतेय?"

"पावसाळ्यात. मध्यावर."

त्याच्या अंगावर काटा येऊन गेला. "तुमच्या त्या डाक्टरदादाकडे नाय काय थोडं?" त्यानं विचारलं. "साहेबाला देतो तसं?"

"आहे," शैलजा म्हणाली. "पण तुला देत नाही."

"मी काय केलं?"

तो पुन्हा पाय झाडायला लागला, आणि तिनं ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले.